छपाईयंत्र घेताना त्याचे डोके पाहावे

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा आम्ही प्रथम डाळींच्या भावांवर लिहिण्याचे योजिले होते. परंतु भावांवरील लेख छापून सभासदांच्या हाती पडेपर्यंत शिळा होतो, हा आमचा जुना अनुभव आहे. शिवाय गेल्या वर्षभरात पाच-सहा सभासद बंधूंनी आम्हांस भावाखेरीज एक निराळाच प्रश्न विचारला : "पेढीसाठी प्रिंटर घ्यावयाचा आहे, कोणत्या कंपनीचा घ्यावा?" आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे व्यापारी, यंत्रशास्त्राशी आमचा संबंध काट्यापुरता व चाळणीपुरता. तथापि गेल्या तीस वर्षांत आमच्या पेढीवर सात प्रिंटर आले व त्यांपैकी चार भंगारात गेले, इतकी दक्षिणा दिल्यानंतर माणूस थोडेबहुत शिकतोच. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आमचे म्हणणे असे की, कंपनीचे नाव मागाहून पाहावे. प्रथम त्या यंत्राचे डोके कोणत्या जातीचे आहे ते विचारावे. डोके म्हणजे कारागीर ज्यास 'हेड' म्हणतात तो भाग, जो प्रत्यक्ष कागदावर अक्षर उमटवितो. बाकी सर्व यंत्र हे त्या डोक्याला इकडून तिकडे नेणारी गाडी आणि कागद पुढे ढकलणारे रूळ एवढेच असते. आपण बैल घेताना झूल पाहत नाही, खांदा व दात पाहतो. परंतु प्रिंटर घेताना मात्र रंग, आकार व खोक्यावरील चित्र पाहून पैसे मोजतो.

सर्वांत जुने डोके ठोकणारे, म्हणजे डॉट मॅट्रिक्स. याच्या डोक्यात एकाखाली एक अशा ९ बारीक धातूच्या पिना असतात. प्रत्येक पिनेमागे एक विद्युतचुंबक असतो. विजेचा इशारा मिळताच पीन पुढे उसळून शाईच्या फितीवर आपटते व फितीमागच्या कागदावर एक ठिपका उमटतो. असे ठिपके शेजारी शेजारी पडून अक्षर तयार होते. काही यंत्रांत ९ च्या ऐवजी २४ पिना असतात. त्या अधिक बारीक असल्याने अक्षर सुबक येते, विशेषतः आपली देवनागरी वेलांटी-उकारांसह नीट वाचता येते. मात्र ९ पिनांच्या डोक्याची पीन जाड व ठोसा दणकट असल्यामुळे कार्बनच्या खालच्या प्रतीपर्यंत अक्षर पोहोचविण्याचे काम ते अधिक विश्वासाने करते. १९८० साली जपानच्या एप्सन कंपनीच्या एमएक्स-८० या यंत्राने ही जात जगभर पसरविली. (या कंपनीच्या नावाची हकीकत व्यापाऱ्यास आवडावी अशी आहे. १९६८ साली त्या लोकांनी ईपी-१०१ नावाचे छोटे छपाईयंत्र काढले, ते उदंड खपले, आणि पुढे १९७५ मध्ये त्या 'ईपी'चा पुत्र या अर्थाने 'एप्सन' हे नाव घेतले. आपल्याकडे पेढीला वडिलांचे नाव देतात. तिकडे मालाचे अपत्य म्हणून पेढी ओळखली गेली.) आपल्या देशात टीव्हीएसच्या एमएसपी मालिकेच्या यंत्रांनी कचेऱ्या व दुकाने व्यापिली. त्यांचा तो कर्कश आवाज ज्याने ऐकला नाही असा आमच्या वयाचा व्यापारी विरळाच.

या ठोकणाऱ्या डोक्याचा मोठा गुण असा की, ते कागदाला स्पर्श करते, नुसते रंगवीत नाही. एका ठोक्यात मूळ प्रत व तिच्याखालच्या दोन-तीन प्रती निघतात. करपात्र मालाच्या बीजकाच्या तीन प्रती असाव्यात, मूळ ग्राहकास, दुसरी वाहतूकदारास व तिसरी आपल्याकडे, असा वस्तू व सेवा कराचा सर्वसाधारण नियम आहे. तो या यंत्रास सहज पाळता येतो. धूळ, उकाडा, विजेचा लपंडाव हे सर्व ते सोसते. सहा महिने बंद ठेवले तरी त्याचे काही वाळत नाही, कारण वाळावयास त्यात पातळ शाईच नाही. दोषही सांगितले पाहिजेत. एखादी पीन वाकली अथवा मोडली म्हणजे प्रत्येक ओळीतून एक आडवी पांढरी रेघ जाऊ लागते, आणि ८ चा आकडा ३ सारखा दिसू लागला की तंटे सुरू होतात. पीन मोडण्याचे कारण बहुधा दोनांपैकी एक असते : फाटून धागे निघालेली फीत तशीच चालविणे, किंवा कागदाच्या जाडीप्रमाणे डोके मागेपुढे करणारा जो खटका असतो तो न हलविता चार प्रतींचा गठ्ठा आत सारणे. दोन्ही चुका आमच्या पेढीवर झालेल्या आहेत.

याच्या अगदी उलट प्रकृतीचे डोके म्हणजे वजनकाट्याच्या चिठ्ठ्या काढणाऱ्या लहान यंत्राचे. त्यात फीतही नाही, शाईही नाही. कागदच विशेष रसायन लावलेला असतो व डोक्यावर एका ओळीत अतिसूक्ष्म तापणारे ठिपके असतात, सामान्यतः एका मिलिमीटरमध्ये ८. जो ठिपका तापतो त्याच्यासमोरचा कागद काळा पडतो. आवाज नाही, शाईचा खर्च नाही, यंत्र मुठीएवढे. म्हणून काट्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर, बसच्या तिकिटासाठी सर्वत्र हेच दिसते. या डोक्याचे आयुष्य छापलेल्या कागदाच्या किलोमीटरमध्ये मोजतात, ही गोष्ट ऐकून आम्हांस प्रथम हसू आले होते.

पण जो कागद उष्णतेने काळा होतो तोच कागद उष्णतेने, उन्हाने, तेलाच्या बोटांनी व प्लॅस्टिकच्या पाकिटातील रसायनांनी बिघडतो. कधी सबंध काळवंडतो, कधी अक्षरे उडून कोरा होतो. याविषयीची आमची एक हकीकत सांगणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी बैलहोंगल भागातील एक शेतकरी आमच्या पेढीवर आला. त्याचा हरभरा आम्ही सव्वा वर्षापूर्वी घेतला होता. चेहरा उतरलेला, आणि सोबत धाकटा भाऊ, जो पायरीवरच उभा राहिला, आत आला नाही. दोघा भावांची वाटणी चालली होती. घरातून ४० पोती भरून गाडीत घातल्याचे धाकट्यास आठवत होते व आमच्या हिशेबपट्टीवर ३८ पोत्यांचे पैसे होते. मधल्या २ पोत्यांचे पैसे थोरल्याने गिळले, असा धाकट्याचा संशय. थोरल्याने घडी घातलेली काट्याची चिठ्ठी आमच्यासमोर ठेवली व म्हणाला, "शेठजी, यावर सगळं होतं. मी जपून प्लॅस्टिकात ठेवली होती." चिठ्ठी उलगडून पाहतो तो संपूर्ण कोरी! उजेडाकडे धरली, तिरपी धरली, एक आकडा दिसेना. पायरीवरचा भाऊ काही बोलला नाही, पण त्याच्या न बोलण्यातच सर्व आले.

आमच्याकडील काट्याची प्रतही त्याच जातीच्या कागदावरची, तीही पिवळी पडून गेलेली. सुदैवाने त्या वर्षी माल आत घेतानाची आवक-पावती आम्ही जुन्या ठोकणाऱ्या यंत्रावरच काढीत होतो व तिची कार्बन प्रत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती. दुपारभर शोधून मुनीमजींनी ती काढली. निळसर, फिकट, पण स्वच्छ वाचता येणारी. पोती ४०. चूक आमचीच होती. आवक-पावतीवरून पट्टी करताना ४० चे ३८ झाले होते. त्या दिवसाच्या भावाने २ पोत्यांची रक्कम आम्ही तेथल्या तेथे दिली. धाकटा भाऊ तेव्हा आत येऊन बसला व चहा घेतला. थोरल्याने पैसे मोजले नाहीत. त्या कार्बन प्रतीची एक नक्कल तेवढी मागून घेतली.

तेव्हापासून आमच्या पेढीवर असा शिरस्ता आहे की, उष्णतेच्या कागदावरील चिठ्ठी ही त्या दिवसापुरती समजावी. जे जपून ठेवावयाचे ते त्याच दिवशी दुसऱ्या कागदावर उतरवून अथवा झेरॉक्स करून दप्तरी लावावे. कायद्यानेही नोंदणीकृत व्यापाऱ्यास हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. सहा वर्षे टिकेल अशी खात्री या कागदाची आम्ही देणार नाही.

आता शाई उडविणाऱ्या डोक्याकडे येऊ, ज्यास इंकजेट म्हणतात. बंधूंचा पैसा अधिकांश येथेच बुडतो, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. या डोक्यास केसाहूनही बारीक शेकडो छिद्रे असतात व प्रत्येक छिद्रातून शाईचा अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकला जातो. थेंब फेकण्याच्या मात्र दोन अगदी भिन्न रीती आहेत, आणि दुकानदार याविषयी चकार शब्द काढीत नाही, कारण बहुधा त्यालाही ठाऊक नसते.

पहिली रीत तापविण्याची. छिद्रामागे एक सूक्ष्म तापपट्टी असते. ती एका सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरती सुमारे ३०० अंशांपर्यंत तापते, तिच्यावरची शाई उकळून बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा पुढचा थेंब बाहेर ढकलतो. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला डाख देण्याची तापलेली सळई चुकून लागली व सुईतून शाई उडाली, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. अमेरिकेच्या एचपी कंपनीने हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून १९८४ मध्ये थिंकजेट हे यंत्र बाजारात आणले. हे डोके संगणकातील चिपेप्रमाणे सिलिकॉनच्या चकतीवर एकदम पुष्कळ तयार करता येते, म्हणून स्वस्त पडते. स्वस्त म्हणून शाईच्या डबीलाच जोडून देता येते, आणि डबी संपली की डोकेही फेकून द्यावयाचे अशी व्यवस्था होऊ शकते.

दुसरी रीत लचकण्याची. काही स्फटिक व तशाच गुणाचे मातीकामाचे पदार्थ विजेचा दाब दिला असता किंचित वाकतात. उलट त्यांना दाबले असता वीज उत्पन्न होते, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. आपल्या स्वयंपाकघरातील 'टक्' वाजणारा गॅसचा लायटर याच गुणावर ठिणगी पाडतो, तेव्हा भगिनीवर्गास ही गोष्ट आमच्याहून लवकर कळेल. छिद्रामागे असा पडदा बसविला की तो लचकून थेंब बाहेर फेकतो, उष्णता लागत नाही. यास पिझो म्हणतात. एप्सनची इंकजेट यंत्रे या जातीची. ब्रदर कंपनीचीही तशीच. हे डोके टिकाऊ असते, पण करावयास महाग, म्हणून ते यंत्रात कायमचे बसविलेले असते.

व्यवहाराचा सर्व प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. शाई उडविणाऱ्या डोक्याचा शत्रू एकच, तो म्हणजे वाळणे. छिद्रात शाई सुकली की अक्षरात पांढरे पट्टे येतात. डोके डबीबरोबरचे असेल तर नवी डबी घातली की नवे डोके मिळाले. दुखणे संपले, मात्र प्रत्येक पानाची शाई महाग पडली. डोके कायमचे असेल तर शाई स्वस्त, पण डोके गेले तर त्याच्या बदलीचा खर्च ऐकून माणूस नवे यंत्रच घेतो. हल्ली शाईच्या टाक्यांची यंत्रे निघाली आहेत, बाटलीतून शाई ओतावयाची. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात प्रथम ती आणली व मग इतरही आले. त्यांत एप्सनचे डोके कायमचे, तर कॅननच्या जी मालिकेत व एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये डोके तापणारे व ग्राहकास स्वतः बदलता येईल असे असते. टाकी पाहून सर्व यंत्रे सारखीच वाटतात. आत ही जात निराळी आहे. तापणाऱ्या डोक्यास मात्र टाकी रिकामी असता चालवू नये. शाईच त्याला थंड ठेवते. शाईवाचून ते रिकाम्या तव्यासारखे जळते. लचकणाऱ्या डोक्यात हवेचा बुडबुडा शिरला तर पडद्याचा सारा दाब तो बुडबुडाच गिळतो व थेंब बाहेर पडत नाही. तेथे सफाईची आज्ञा देऊन शाई ओढून घ्यावी लागते.

आमचे टाकीचे यंत्र लचकणाऱ्या डोक्याचे होते व ते दोन वर्षांत तुंबले. भर सुगीत, तुरीच्या गाड्या दारात उभ्या, चोर्ला घाटाने गोव्यास जाणारा माल कागदांसाठी अडकलेला, आणि यंत्रातून निळे-पांढरे पट्टे निघत आहेत. मुनीमजींनी एका पाठोपाठ दहा-बारा वेळा सफाई केली. सफाईची शाई यंत्राच्या तळाशी एका स्पंजात जाते, हे तेव्हा आम्हांस कोठे ठाऊक! अर्धी टाकी रिकामी झाली व वर 'स्पंज भरला' असा इशारा येऊन यंत्राने काम करणेच सोडले. आम्ही विकणाऱ्यास व कंपनीस यथेच्छ दोष दिला. पुढे दुरुस्तीच्या एका तरुण कारागिराने विचारले, "काका, दुकान बंद करताना प्रिंटर कसा बंद करता?" आम्ही अभिमानाने सांगितले की, गोदामात बारदान असल्याने आगीच्या भीतीने रोज शटर ओढण्यापूर्वी मेन स्विच खाली ओढण्याचा आमचा वीस वर्षांचा नियम आहे. तो म्हणाला, "तिथंच घोटाळा झालाय." यंत्राचे स्वतःचे बटण दाबले म्हणजे डोके एका बाजूस जाऊन रबरी टोपीवर बसते, छिद्रे झाकली जातात, मगच ते बंद होते. शेवटचे बिल निघताच मेन ओढला तर डोके वाटेतच उघडे राहते. रात्रभर, आणि अमावास्येच्या सुट्टीत दोन रात्री, त्याला वारा लागत राहतो. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

लेसर यंत्राविषयी फार लिहीत नाही, कारण या अर्थाने त्यास डोकेच नाही. प्रकाशाने एका रुळावर अक्षराची विद्युत्छाया पडते, तिला बारीक भुकटी चिकटते, आणि सुमारे २०० अंशांच्या तापलेल्या रुळातून जाताना ती भुकटी कागदावर वितळते. भुकटी वाळत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवसच छपाई असणाऱ्यास हे उत्तम; अक्षर पाण्याने फुटत नाही. तापताना वीज मात्र एकदम ओढते, तेव्हा ते संगणकाच्या यूपीएसवर जोडू नये. पावसाळ्यातला दमट कागद त्यात वेटोळा होऊन अडकतो. गोव्याकडील सभासदांनी कागद बंद डब्यात ठेवावा.

एक नवा पेच ठोकणाऱ्या डोक्यापुढे उभा आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव व लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर कर आला. १ ऑगस्ट २०२३ पासून ज्यांची उलाढाल ५ कोटींवर आहे त्यांस करपात्र मालाचे व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील बीजक सरकारी संकेतस्थळावर नोंदवून त्यावरील क्यूआर चौकट छापणे आले. ही चौकट फार दाट असते. ९ पिनांचे डोके तिचे बारीक चौकोन एकमेकांत मिसळून टाकते व मोबाइल ती वाचण्याचे नाकारतो. अशा बीजकास तीन प्रतींचे बंधन नाही, ही त्यातल्या त्यात सवलत. तेव्हा ज्यांचा बांधीव मालाचा धंदा आहे त्यांस केवळ जुन्या यंत्रावर भागविता येणार नाही.

दुकानात गेल्यावर विचारावयाचे ते असे : डोके कोणत्या जातीचे, ते आपल्याला बदलता येते काय, एकटे डोके विकत मिळते काय व त्याची किंमत लिहून देता काय. शेवटच्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला तर त्यातून उत्तर मिळते. ज्यांची छपाई रोजची व रंगीत आहे त्यांनी टाकीचे यंत्र घ्यावे. ज्यांच्याकडे दोन-दोन महिने मंदी असते त्यांनी शक्यतो डोके बदलता येणारेच घ्यावे. केवळ मुलांच्या शाळेच्या कामासाठी घरी घेणाऱ्यांनी, छपाई अगदीच थोडी असल्यास, डबीबरोबर डोके येते असे स्वस्त यंत्र घेतले तरी आमची हरकत नाही; महाग शाईचा हिशेब थोड्या पानांवर फारसा चढत नाही.

आमच्या पेढीवर सध्या आवक-पावतीसाठी ९ पिनांचे जुने यंत्र, बीजकासाठी लेसर व पत्रव्यवहारासाठी डोके बदलता येणारे टाकीचे यंत्र, असे तीन आहेत. मेन स्विचच्या शेजारी मुनीमजींनी स्वहस्ते लिहून चिकटविले आहे : "आधी बटण, मग मेन." सुट्टीनंतर पेढी उघडली की ते प्रथम टाकीच्या यंत्रातून रंगीत पट्ट्यांचा एक तपासणीचा कागद काढतात, पट्टे अखंड आहेत ना ते चष्मा वर करून पाहतात, आणि त्याच कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या दिवसाचे भाव लिहून घेतात.